नाकानं घ्या, सावकाश सोडा

आमच्या बिल्डिंगमधले अण्णा समोर आले की 'काय, कसं काय?' असं विचारत नाहीत. आधी तुमच्या पोटाकडे बघतात. पोट सुटलंय का, हे बघायला नव्हे. त्या बाबतीत कुणाला नावं ठेवण्याच्या स्थितीत ते स्वतःही नाहीत. श्वास आत जाताना पोट पुढे येतंय की मागे जातंय, एवढंच त्यांना पाहायचं असतं. बायकांच्या बाबतीत पोटाऐवजी खांदे बघतात, तेवढी सभ्यता पाळतात. आणि मग तुम्ही दुधाची पिशवी, किल्ल्या, मोबाइल आणि लिफ्टचं दार असं सगळं एकाच वेळी सांभाळत उभे असताना, मान हलवून निकाल देतात, "वरवर चाललंय."

"काय वरवर चाललंय?" असं फक्त नवा भाडेकरू विचारतो. जुने लोक विचारत नाहीत. जुने लोक जिन्यानं जातात. पण अण्णा जिन्यातही भेटू शकतात, आणि जिन्यातले अण्णा जास्त धोक्याचे, कारण तिथे तुम्हाला खरोखरच धाप लागलेली असते.

"तोंड मीट. नाकानं घे. नाकानं! हां. आता सोड. सोड, सोड, अजून आहे आत. अरे, घाई कसली? भाडं लागतंय का त्याला?"

अण्णा बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म नोटा मोजण्यात गेल्यावर घरी बसून मोजायला काहीतरी हवंच होतं. त्यांच्या वयाचे काही जण पावलं मोजतात, काही जण रक्तातली साखर मोजतात, अण्णांनी श्वास धरला. सगळा हिशेब तोंडपाठ. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. चौदा धरले तरी दिवसाचे वीस हजारांच्या वर जातात. "वीस हजारांची रोजची उलाढाल, आणि एकाही एन्ट्रीवर लक्ष नाही तुमचं!" एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळ्या यांतच राहते, खाली जिथे देवघेव होते तिथपर्यंत पोचतच नाही. "हा सर्व्हिस चार्ज," अण्णा सांगतात. "श्वास लहान असो की मोठा, चार्ज तेवढाच कापणार. मग सारखे चिल्लर व्यवहार कशाला करता? कमी करा, मोठे करा." शरीरशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात हे चार पानांत सांगितलेलं असतं, आणि इतकं चटकन डोक्यात शिरत नाही, हे मला मान्य करायलाच हवं.

फुफ्फुसांतले वायुकोश तीस कोटींहून जास्त. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. अण्णांनी त्याचे ताबडतोब फूट केले. "साडेसातशे स्क्वेअर फूट! कार्पेट बरं का, बिल्टअप नाही. डोंबिवलीत घ्यायला जा एवढी जागा, कळेल. देवानं फुकट दिलीय, आणि माणसं जन्मभर गॅलरीत राहतात." श्वास घेणं म्हणजे पूरक, ते जमा; सोडणं म्हणजे रेचक, ते नावे; आणि रोखणं म्हणजे कुंभक, ती मुदत ठेव. ऐपतीबाहेर ठेवायची नाही, हा नियम. सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा मोठा हवा, हा दुसरा. जमेपेक्षा खर्च मोठा चालतो असं हे एकच खातं, असं म्हणून ते स्वतःच हसतात. हा विनोद बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेला आहे. तरी सगळे हसतात, कारण हसलं की श्वास सुटतो आणि अण्णाही सोडतात.

या सगळ्याचं मूळ एका हर्नियाच्या ऑपरेशनात आहे. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांच्या हातात प्लास्टिकचं ते तीन नळकांड्यांचं यंत्र दिलं, ज्यात तीन रंगीत गोळ्या असतात. ६००, ९०० आणि १२०० असे आकडे, म्हणजे सेकंदाला इतके घनसेंटिमीटर हवा ओढली की इतक्या गोळ्या वर जाणार. पहिल्या दिवशी अण्णांनी तोंडात नळी धरून जीव खाऊन फुंकलं. गोळ्या ढिम्म. पुन्हा फुंकलं. यंत्र बिघडलंय, बदलून आणा, म्हणून त्यांनी मुलाला केमिस्टकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, फुंकायचं नाही, ओढायचं." अण्णांनी ओढलं, आणि पहिली गोळी टुणकन वर गेली. सत्तरीला टेकलेल्या माणसाला आपण आजवर श्वासाकडे कधी पाहिलंच नाही हे एका प्लास्टिकच्या गोळीनं दाखवून दिलं. ते यंत्र अजून त्यांच्या शोकेसमध्ये, बँकेनं दिलेल्या घड्याळाच्या शेजारी आहे. सुट्टीत बिल्डिंगमधली पोरं ते उलटं धरून फुंकायच्या शर्यती लावतात. उलटं धरलं की फुंकूनही गोळ्या हलतात, हा शोध पोरांचा.

मग अण्णा पेटले. लोणावळ्याला कैवल्यधामात जाऊन राहून आले. तिथून येताना ते चिक्की घेऊन आले, आणि स्वामी कुवलयानंदही. पुढचा महिनाभर बिल्डिंगमध्ये दुसरं नाव नव्हतं. कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. उड्डियान करताना, नौली करताना पोटात नक्की काय होतं हे पाहायला त्या काळात क्ष-किरण यंत्र लावणारा हा माणूस. अण्णांना त्याचं फार कौतुक. "बघितलं? ऑडिट! नुसता विश्वास नाही, ऑडिट!"

या ऑडिटनंच पुढे त्यांचा घात केला. २०२०-२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले तसा अण्णांकडेही आला. तोवर अण्णांचा सिद्धान्त असा, की दीर्घ श्वास घेतला की शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो. एका सकाळी त्यांनी तो जाहीरपणे सिद्ध करायचं ठरवलं. बोट यंत्रात घातलं : ९८. मग पंधरा मिनिटं डोळे मिटून अनुलोम-विलोम. पुन्हा बोट घातलं : ९८. अण्णांनी बोट बदललं. सेल बदलले. शेजारच्यांचा ऑक्सिमीटर मागून आणला, तो तर ९७ दाखवायला लागला. अखेर पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीण बाईंनी समजूत काढली, "अण्णा, निरोगी माणसाचं रक्त बसल्या जागी ९५ ते १०० टक्के भरलेलंच असतं. भरलेल्या तांब्यात आणखी किती ओतणार?" अण्णा दोन दिवस गप्प होते. मग त्यांना कुवलयानंदांच्या प्राणायामावरच्या पुस्तकात नेमकं हेच सापडलं. प्राणायामानं प्राणवायू खूप जास्त मिळतो ही समजूत खरी नाही, असं त्यांनीच किती तरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर छंद सोडला असता. अण्णांनी खातं बदललं. "प्राणवायूचा प्रश्नच नाही रे. प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा आहे!" आता ते कार्बन डायऑक्साइडची बाजू अशी मांडतात, जणू बिचाऱ्याचं शेअर मार्केटमध्ये कुणी नाव खराब केलंय.

या नव्या खात्याचा एक फायदा मात्र झाला. सी विंगमधले एक गृहस्थ टीव्हीवर बघून भराभर कपालभाती करत. भात्याचा आवाज खालच्या वॉचमनपर्यंत यायचा. एकदा त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं गरगरलं, आणि घरचे ॲम्ब्युलन्स बोलवायच्या बेतात होते. अण्णा चपला न घालता धावले. "काही नाही, काही नाही, उधळपट्टी झालीय. कार्बन डायऑक्साइड फार काढून टाकलाय. आता सावकाश. घ्यायचं विसरा, सोडायचं बघा." दहा मिनिटांत गृहस्थ ठीक झाले. अण्णांनी तरीही त्यांना डॉक्टरीण बाईंकडे नेऊन हृदय तपासून घ्यायला लावलं, आणि परतताना जिन्यात झापलं. आधी पद्धतीवरून, मग शास्त्रावरून : "आणि कपालभाती हा प्राणायाम नव्हेच! हठप्रदीपिका काढून बघा. ती षट्कर्मांत येते. शुद्धिक्रिया आहे ती. रोज सकाळी ड्रेनेज साफ करता आणि म्हणता जेवलो!" त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसाच श्वास हळूहळू वश करायचा, घाई केली तर तोच साधकाचा घात करतो. हे अण्णा सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा सर्कशीच्या मालकासारखा होतो.

अण्णांच्या घरात नाकपुड्यांना मत आहे. कुठल्याही कामाला निघताना ते नाकाखाली बोट आडवं धरून बघतात, स्वर कुठला चालू आहे. उजवा म्हणजे सूर्य, डावा म्हणजे चंद्र. काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, भाचीच्या लग्नाला कल्याणला जायचं होतं. काकू पैठणी नेसून, गजरा माळून दारात, रिक्षा खाली उभी, मीटर चालू, आणि अण्णा सोफ्यावर डाव्या कुशीवर आडवे. "अहो, काय झालं?" "काही नाही, उजवा उघडायला लागलाय. पाचच मिनिटं." अक्षता चुकल्या. मंगलाष्टकं संपल्यावर पोचलेल्या काकूंनी जेवणाच्या पंगतीत एवढंच सांगितलं, "ह्यांचं नाक वेळेवर आलं नाही." गंमत म्हणजे नाकपुड्यांची ही पाळी खरी आहे. काही तासांच्या अंतरानं एक बाजू भरते, दुसरी मोकळी होते. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली त्याचं वर्णन केलं. कुशीवर झोपलं की वरची बाजू मोकळी होते, हेही खरं. मात्र त्यावरून लग्नाला निघायचं की नाही हे कायझरनं कुठे लिहिलेलं नाही.

नाक हा अण्णांचा देव. हवा गाळणं, कोमट करणं, ओलसर करणं ही त्याची कामं ते भाविकपणे सांगतात. नाकाशेजारच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि नाकानं घेतलेल्या श्वासाबरोबर ते खाली जाऊन रक्तवाहिन्या सैलावतं, हे कळलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले नाहीत एवढंच. रोज सकाळी ते मोरीत वाकून, मान तिरकी करून जलनेती करतात. उकळून कोमट केलेलं पाणी, मीठ बेताचं. एका नाकपुडीतून नेतीपात्रानं ओतायचं, दुसरीतून धार. गावाहून आलेला त्यांचा नातू हे पहिल्यांदा बघून घरभर ओरडत सुटला होता, "आजोबा लीक होतायत!"

याच नातवानं त्यांना मोबाइलवर दाखवलं, की परदेशात लोक हल्ली रात्री तोंडाला चिकटपट्टी लावून झोपतात, म्हणजे श्वास नाकानंच चालतो. अण्णांनी त्याच रात्री कागदी टेप लावली. काकू सांगतात, लग्नानंतरची ती पहिली शांत रात्र. घोरणं नाही, बडबड नाही, झोपेतले सल्ले नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी टेपचे तीन रोल आणून ठेवले. पण पुढे अण्णांना सर्दी झाली, नाक बंद, तोंड बंद, आणि मध्यरात्री ते डोळे विस्फारून उठून बसले. डॉक्टरीण बाईंनी टेप काढायला लावली आणि घोरण्याची नीट तपासणी करायला पाठवलं, कारण झोपेत श्वास थांबण्याचा आजार असेल तर चिकटपट्टीनं तो झाकला जातो, बरा होत नाही. उरलेले रोल काकूंनी मात्र टाकलेले नाहीत. "असू देत," म्हणाल्या. "दिवसा उपयोगी पडतील."

गच्चीवर सकाळी अण्णांचा वर्ग भरतो. आठदहा जण असतात. २१ जूनच्या योग दिनाला तीसपर्यंत जातात आणि २२ तारखेला पुन्हा आठ होतात. पहिला धडा शवासनातला. पाठीवर पडायचं, पोटावर काहीतरी ठेवायचं, आणि श्वास घेताना ते वर जातंय ना ते बघायचं. तान्हं बाळ झोपलेलं असताना त्याचं पोट बघा, श्वासपटल कसं काम करतं ते तिथे दिसतं. मोठे झालो की आपण पोट आत ओढून छाती फुगवायला शिकतो आणि श्वास गळ्यापाशी येऊन बसतो. पोटावर काय ठेवायचं, यावर अण्णांनी बरेच प्रयोग केले. वाटी घसरते, तांदळाची पिशवी जड होते, पंचांग हलकं. शेवटी दिवाळी अंक पसंत पडला. माझा लेख असलेला अंक मी त्यांना मोठ्या हौसेनं भेट दिला होता. काही दिवसांनी भेटून म्हणाले, "अप्रतिम आहे हो अंक." मी फुललो. "वजन अगदी बरोबर. आणखी दोन मिळतील?"

डोंबिवलीत राहून दीर्घ श्वासाचा प्रचार करायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. औद्योगिक पट्ट्याकडून वारा फिरला की गच्चीवर पहिला पूरक घेतल्याबरोबर अर्धा वर्ग खोकायला लागतो. २०२० मध्ये इथला एक रस्ता रसायनानं गुलाबी झाला होता, त्याचे फोटो अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिले. शेजारची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हापासून सिमेंटची धूळ आहेच. दिवाळीनंतर थंडीत धूर, धूळ सगळं खालीच कोंडतं, तेव्हा अण्णा पहाटे उठून मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघतात. दोनशेच्या वर गेला की गच्ची बंद, वर्ग हॉलमध्ये, आणि त्या दिवशी जोराचे श्वास नाहीत. "वाईट माल मोठ्या प्रमाणात कशाला उचलायचा?" यात पोज नाही, शहाणपण आहे. दमा असलेल्यांना तर ते पहिल्याच दिवशी दम देतात, की पंप बंद केलात तर गच्चीवर पाऊल ठेवू देणार नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी "आता प्राणायाम करतो, बीपीची गोळी सोडू का?" असं विचारलं, तेव्हा अण्णांनी कॅशियरच्या आवाजात उत्तर दिलं होतं, "ही दोन वेगळी खाती आहेत. यातून त्यात ट्रान्स्फर होत नाही."

लोकलचा त्यांचा धडा मात्र मला अजून जमलेला नाही. इतकी वर्षं डोंबिवली फास्टनं गेल्यामुळे त्यांचं म्हणणं असं, की गाडी भरली की पोट पुढे यायला जागाच नसते, तेव्हा ठाण्यापर्यंत रेचक करायचा, ठाण्याला चार माणसं उतरली की पूरक.

एवढं सगळं शिकवणारा माणूस स्वतः मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर सलग सात-आठ मिनिटं बोलतो, आणि त्यात श्वास कधी घेतो हे कुणाला दिसत नाही. मानेच्या शिरा ताठ, खांदे कानाला लागलेले, तोंड उघडं. एकदा मागच्या रांगेतून आवाज आला, "अण्णा, नाकानं!" सभा तिथेच संपली. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला ते श्वास घेतच नाहीत. भारत हरला तर सोडायचा विसरतात.

या माणसाबरोबर संसार केलेल्या काकूंनी आजवर एकदाही डोळे मिटून मांडी घातलेली नाही. त्यांचा प्राणायाम म्हणजे उसासा. अण्णा म्हणाले, "आज जरा स्वर बघून निघू," की काकू एक मोठा श्वास घेतात, वर आणखी एक छोटा घेतात, आणि मग "हंऽऽ" करून सगळं सोडून देतात. भाजी निवडताना, कुकर लावताना, अण्णांचा फोन शोधून देताना. अण्णा याला वर्षानुवर्षं चिडायचे. "उसासे टाकू नकोस, घरात मरगळ येते."

आणि मग त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून काहीतरी वाचायला पाठवलं. माणूस साधारण दर पाच मिनिटांनी नकळत एक दुप्पट मोठा श्वास घेतो. मिटलेले वायुकोश त्यानं पुन्हा उघडतात, तो घेतला नाही तर फुफ्फुसं हळूहळू मिटत जातील. मेंदूतल्या कुठल्या पेशी हे घडवतात ते २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना सापडलं. पुढे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी वेगवेगळ्या गटांना महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे श्वास करायला दिले. एका गटाला ध्यान दिलं, आणि एका गटाला नेमकं हेच : नाकानं एक श्वास, त्यावर आणखी एक छोटा, मग तोंडानं लांब सोडणं. मन प्रसन्न होण्यात हा गट ध्यानवाल्यांच्याही पुढे गेला. अण्णांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, तू बरोबर करत होतीस."

काकूंनी गॅस बारीक केला, त्यांच्याकडे बघितलं, आणि उसासा टाकला.

तेव्हापासून काकूंना घरात संशोधनसाहित्याचा दर्जा आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वासांची लय हृदयाला मानवते, आणि लॅटिनमधली मेरीची जपमाळ म्हटली काय की संस्कृत मंत्र म्हटला काय, म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप त्या लयीवर येतो, असं इटलीच्या डॉक्टरांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं होतं. हे कळल्यावर अण्णा काकूंच्या संध्याकाळच्या स्तोत्रासमोर स्टॉपवॉच घेऊन बसले. तिसऱ्या श्लोकाला काकूंनी डोळे न उघडता हातानं दार दाखवलं. तरी आकडा त्यांनी मिळवलाच. सहा आणि सातच्या मध्ये. "हिच्या आईनं शिकवलेलं आहे हे," असं आता ते गच्चीवर सांगतात, जणू सासूबाई स्टॅनफर्डला होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास देणारा माणूस बिल्डिंगनं ठेवून का घेतलाय? कारण एमआरआयला कुणाला जायचं असलं की आधी अण्णांचं दार वाजतं. त्या बोगद्यात शिरायच्या कल्पनेनंच कित्येकांचा जीव घाबरा होतो, आत गेल्यावर ठोक ठोक आवाज, हलायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटं. अण्णा बरोबर जातात. खिशातली किल्ली, पट्टा, घड्याळ, जानवं सोडून सगळं बाहेर काढून ठेवतात आणि आत जाऊ देतील तिथपर्यंत जातात. सल्ला एकच, आणि तो नेहमीपेक्षा बराच छोटा असतो : "आवाज मोजू नकोस. सोडलेले श्वास मोज. शंभर झाले की मी बाहेर आहेच." बारावीच्या प्रॅक्टिकलला निघालेल्या मुली, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेला वॉचमनचा मुलगा, सगळे त्यांच्या दारात दोन मिनिटं उभे राहून जातात. त्या वेळी अण्णा पोटाकडे बघत नाहीत. चेहऱ्याकडे बघतात.

स्वतःच्या सीटी स्कॅनला मात्र त्यांनी गोंधळ घातला. यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. अण्णांना वाटलं, अखेर यंत्रालाही पटलं. त्यांनी पूरक केला आणि कुंभक लावला. आवाज म्हणाला, श्वास सोडा. अण्णांनी सोडला नाही, कारण मुदत पुरी व्हायची होती. काचेपलीकडचा मुलगा माइकमधून "काका, सोडा... काका, सोडा ना!" म्हणत घाबराघुबरा होऊन आत धावला, तेव्हा अण्णांनी एक डोळा उघडून बोटानं खूण केली : आणखी चार. रिपोर्ट नॉर्मल आला.

वर्ग रोज सकाळी सहाला असतो, फी नाही. यायचं असेल तर रिकाम्या पोटी या, सतरंजी स्वतःची आणा, पंप किंवा गोळ्या चालू असतील तर चालूच ठेवा. आणि ऑक्सिमीटरचा विषय काढू नका. पाऊण तास तिथेच जाईल.